अ‍ॅमेथिस्ट म्हणजे न झिंगलेला

तीर्थरूप बाबा,

शाळेत वडिलांना पत्र लिहिताना हाच मायना शिकवला होता, म्हणून हात आपोआप तिकडे गेला. लिहून झाल्यावर थांबलो. 'तीर्थ' म्हटलं की आपल्या गल्लीतली माणसं का हसतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. खोडणार होतो, पण खाडाखोड झालेल्या कागदावर मला पुढे लिहिता येत नाही. राहू द्या. तुम्हीही हसला असता.

पत्र लिहायचं कारण रोशन आहे. तुमचा धाकटा पिऊ लागला आहे, बाबा.

मागच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध झालं. मौद्याहून मामा आले, जेवणं झाली, पाहुणे गेले. दुसऱ्या दिवशी मी दुकानात निघालो तेव्हा आईने कपाटातून तुमची अंगठी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाली, "सांधून आण. शनिवारी रोशनच्या बोटात घालू." दळण आणायला सांगावं तशा आवाजात. शनिवार परवा आहे. अंगठी माझ्यासमोर आहे, खालच्या बाजूने कापलेली, जांभळा खडा शाबूत. चांदीचा एवढासा सांधा, चहा निवायच्या आत होणारं काम. इतवारीच्या सराफ्यात मी रोज असे सांधे करतो. ही मात्र कितीदा तरी उचलली आणि परत ठेवून दिली.

आधी ती घरात कशी आली ते आठवू या का? मी तेव्हा शाळेत होतो. तुम्हाला साडेसाती लागली आहे असं महाल भागातल्या गुरुजींनी आईला सांगितलं. खरं म्हणजे नीलम घालायचा, पण नीलम आपल्याला झेपणारा नव्हता, म्हणून त्याऐवजी हा जांभळा खडा, जमुनिया. खडा मानवतो की नाही हे बघायला आधी तो कापडात बांधून तुमच्या उशीखाली ठेवला होता. रात्री वाईट स्वप्न पडलं तर परत करायचा. सकाळी आईने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "कंपनीची बस सुटली असं दिसलं." ती बिचारी तेवढंच विचारायला पुन्हा महालात गेली. गुरुजी म्हणाले, "बस सुटली तर सुटली. माणूस तर नाही ना सुटला? खडा चालते."

मग मधल्या बोटासाठी अंगठी घडली. खडा मागून उघडा, कातडीला टेकणारा. गुरुजींनी एकच पथ्य सांगितलं होतं: ती बोटात असताना दारू-मटण नाही. खडा बाटतो. त्या दिवशी आई किती हलकी होऊन घरी आली होती! साडेसातीचं निमित्त, हे पथ्य ऐकायलाच ती गेली असणार, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं.

आणि तुम्ही पथ्य पाळलंत. अगदी काटेकोर. प्यायच्या दिवशी हिंगणा रोडवर बसमधून उतरलात की आधी अंगठी काढायची, सराफाच्या गुलाबी कागदात गुंडाळायची, शर्टाच्या खिशात ठेवायची आणि खिशाची चेन लावायची. त्या चेनसाठी तुम्ही टेलरला प्रत्येक शर्टाचे जास्तीचे पैसे देत होता. मग बारमध्ये जाऊन बसायचं. तेराव्याला तुमच्याबरोबर बसणारे एक गृहस्थ आले होते. डोळे पुसत त्यांनी सांगितलं, "आम्ही म्हणत होतो, शनिमहाराज खिशात गेले का? गेले? मग भरा." सांगताना ते हसले आणि मग हसलो म्हणून रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ झाली की तुम्ही अंगठी पुन्हा घालायचात, हात जोडून.

दगड बाटू नये म्हणून एवढी काळजी! बाकी कशाची का नाही घेतलीत, बाबा?

हे रागाने लिहिलेलं नाही. निदान सगळं रागाने नाही. तुम्ही देवभोळे होता, खोटारडे नव्हता. खोटारडा माणूस अंगठी बोटात ठेवून प्यायला असता.

आता त्या शब्दाकडे येतो. तो माझ्या मागे लागला आहे.

दुकानात खड्यांच्या पुड्यांवर नावं मी लिहितो, हे तुम्हाला माहीत आहे. माझं अक्षर तुमच्याकडून आलं. डिस्पॅचला असताना तुम्ही चलन लिहायचात तेव्हा मला शेजारी बसवायचात आणि म्हणायचात, "स्पेलिंग चुकलं की माल भलत्याच गावी जाते गा." बारावीनंतर माझं शिक्षण सुटलं, पण ही भीती सुटली नाही. उन्हाळ्यात शेठ म्हणाले, "आता पुड्यांवर इंग्लिश नावं टाक. जमुनिया म्हटलं की पोरी नाक मुरडतात. अ‍ॅमेथिस्ट म्हटलं की बोट पुढे करतात." मी लिहायला बसलो आणि त्यातला एच कुठे येतो यावर अडकलो. मोबाईलवर पाहून समाधान होईना. म्हणून प्रताप नगरच्या वाचनालयात गेलो आणि तिथली जाडजूड डिक्शनरी काढली. स्पेलिंगच्या खाली बारीक अक्षरात शब्द कुठून आला ते दिलं होतं. तिथली ताई मदतीला आली, म्हणून समजलं.

शब्द ग्रीक लोकांचा. पहिला अ म्हणजे 'नाही'. आपण अजाण म्हणतो, अशक्त म्हणतो, तसाच. पुढचा भाग दारू चढण्याचा. अ‍ॅमेथिस्ट म्हणजे न झिंगलेला. त्यांच्यात समजूत होती की हा दगड जवळ असला की दारू चढत नाही. दारूसाठी त्यांचा जो मूळ शब्द आहे, त्याच्या शेजारी आपला 'मधु' छापला होता. दोन्ही एकाच जुन्या घरातले, असं ती ताई म्हणाली. तिला गंमत वाटत होती. मला पाणी प्यावंसं वाटलं.

एवढी वर्षं तुमच्या बोटावर ते नाव होतं, बाबा. गुरुजींना ठाऊक नव्हतं, शेठना नव्हतं, आईला कुठून असणार? आणि नेमकी प्यायला बसायच्या आधी तुम्ही ती काढत होता.

खरं सांगू का? तेव्हा काही दिवस माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. काढली नसती तर? एकदा तरी बोटात ठेवून बसला असता तर? मी दिवसभर खडे हाताळतो. काच कोणती, खडा कोणता, तापवल्यावर कोणता पिवळा पडतो, सगळं बघितलेलं आहे. दगडाने दारू उतरत नाही, हे मला कळत नाही का? तरी रस्त्याने चालताना, ग्राहकाला सुटे पैसे देताना, तेच. बोटात ठेवून बसला असता तर?

म्हणून पुन्हा वाचनालयात गेलो. ताईने आणखी एक पुस्तक काढून दिलं. त्यात लिहिलं होतं की ते लोक या दगडाचे पेले करायचे म्हणे. पेला जांभळा, त्यामुळे आत पाणी असलं तरी बघणाऱ्याला दारूच वाटायची. काही जण खड्याचे तुकडे गळ्यात घालून प्यायला बसायचे. खरं-खोटं मला माहीत नाही. पण ते वाचलं आणि डोक्यात चालणारं चक्र बंद पडलं. हे नाव दारू न पिणाऱ्यांनी ठेवलेलं नाही. ज्यांना प्यायची होती आणि फक्त चढायला नको होती, त्यांनी ठेवलं आहे. त्यांना सोडायची नव्हतीच. तुमची मंडळीच ती, नुसती भाषा वेगळी.

हे सगळं उन्हाळ्यातलं. मी मनात ठेवून दिलं होतं. आता आईने अंगठी हातात दिली आणि ते परत वर आलं.

रविवारी रोशन घरी होता. त्याचं ऐका. तो हिंगण्यालाच कामाला लागला आहे, तुमच्या कंपनीत नाही, दुसऱ्या. मोटरसायकलने जातो-येतो. आल्यावर आधी बाथरूममध्ये जातो, खूप वेळ तोंड धुतो, मग बडीशेप चघळत बाहेर येतो आणि हसतो. तुम्ही गप्प होऊन जायचात, हा हसतो. मी मापाच्या कड्यांचा जुडगा घेऊन त्याच्याजवळ बसलो.

"काय गा दादा, लग्न ठरवून राहिला का माझं?"

"मधलं बोट दे."

त्याने अंगठी पाहिली. मग बोट पुढे केलं.

"बाबांची?"

"आई म्हणते शनिवारी घालायची."

"घालतो ना. आईचं समाधान." तो पुन्हा हसला. "अन् बसायचं असलं की खिशात. फक्त चेन लावून घ्यावी लागेल शर्टाले. बाबांचा टेलर आहे ना अजून?"

मी कडं त्याच्या बोटात तसंच ठेवून उठलो. त्याने मागून हाक मारली, "अरे, मजाक केला यार. काहून चिडून राहिला?"

मजाक नव्हता, बाबा. तुम्ही त्याला पतंग शिकवलात, मोटरसायकल शिकवलीत. हेही शिकवलंत, न शिकवता. आईला वाटतं अंगठीने तो थांबेल. तो प्यायच्या आधी ती काढायला तयार बसला आहे. काढली की मोकळा. मग त्या रात्रीचं त्याला स्वतःला काही विचारायलाच नको, कारण पथ्य तर पाळलेलं असेल.

मी तडक आईकडे गेलो. ती अंबाडीची भाजी निवडत होती. मी सगळं एका दमात सांगून टाकलं: खड्याचं नाव, ग्रीक लोक, पेले, रोशन काय म्हणाला ते. म्हणालो, "मी नाही सांधत. याने काही होत नाही. बाबांचं काय झालं?"

ती देठ तोडत राहिली. मग म्हणाली, "दारू सोडवते म्हणून का मी ते करून आणली होती?"

"मग?"

"पहिल्या महिन्यातच समजलं मले, की ते काढून ठेवतात. भांडणार होती. मग म्हटलं राहू दे." तिने भाजी बाजूला सारली. "दारात आले की मी पहिले बोट पाहत होती. बोटात असली की ताट वाढायचं. नसली की तुम्हा दोघाले घराबाहेर काढायचं. आधी समजतच नव्हतं गा. माणूस दारात उभा, तोंडावरून काही समजत नाही, अन् मग एकदम सुरू होई. अंगठी आल्यापासून मले दारातच समजे. तेवढीच मले सोय होती."

तुम्हाला आठवतं का, संध्याकाळी ती आम्हाला कशी पाठवायची? "जा रे, काकूकडून विरजण घेऊन या, दोघंही जा." आपल्याकडे विरजण कधीच कसं शिल्लक राहत नाही, असं मला लहानपणी वाटायचं. शेजारच्या काकू वाटी भरून बाजूला ठेवायच्या आणि म्हणायच्या, बसा, टीव्ही पाहा. त्यांच्या टीव्हीचा आवाज मोठा असायचा. काकूंनाही ठाऊक होतं तर! आम्ही परत यायचो तेव्हा आई स्वयंपाकघरात फरशी पुसत असायची. मी विचारायचो, काय सांडलं? ती म्हणायची, पाणी.

"मग रोशनला कशाला?" मी विचारलं. "तो तर तुझ्यावर हात नाही उचलत."

"आज नाही उचलत." तिने भाजी पुन्हा पुढे ओढली. "तो हसत येते गा. मले समजतच नाही. पोरगं घरात येते अन् पाहायचं कुठं तेच समजत नाही. अंगठी असली म्हणजे मले तरी समजेल."

बाबा, मला तिथे बसवेना. इतकी वर्षं मी तिला भोळी समजत होतो. तिला दगडापासून काही नको होतं. आज कुठे उभं राहायचं, एवढंच तिला दारातून कळायला हवं होतं.

आणि तेव्हा मला दवाखाना आठवला. ते लिहायचं टाळत इथपर्यंत आलो.

शेवटच्या दिवसांत तुमचे डोळे हळदीसारखे झाले होते, पोट फुगलेलं, हातांची बोटं टम्म. अंगठी बोटात रुतली होती आणि तिच्या पुढचं बोट काळपट पडायला लागलं होतं. नर्स म्हणाली, काढा नाहीतर बोट जाईल. साबण लावून निघाली नाही. मी दुकानातून अंगठी कापायचं यंत्र आणलं, चकती हाताने फिरवायचं ते. खाली चपटी पट्टी सरकवली, चकती फिरवली. तुम्ही कण्हत होता, तुम्हाला धड काही कळत नव्हतं. दोनदा मला तुम्ही शेठ समजलात. चांदी तुटली, मी दोन्ही टोकं फाकवली आणि अंगठी निघाली. तुम्ही बोटाकडे पाहिलं. आई पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तुम्ही तो हात पटकन चादरीखाली घेतला आणि तिला म्हणालात, "आज नाही घेतली वं. खरंच नाही घेतली."

आई म्हणाली, "माहीत आहे मले. झोपा."

मला तेव्हा वाटलं की तुम्ही भ्रमात आहात. नर्सला तसं सांगितलंही. पण त्या सगळ्यात तेवढं एक वाक्य तुम्ही शुद्धीत बोलला होता. तुम्हाला ठाऊक होतं. दारात उभं राहिलं की ती तुमच्या बोटाकडे पाहते, हे तुम्हाला सुरुवातीपासून ठाऊक होतं. ती पाहायची, तुम्ही पाहू द्यायचात. मग तिने ताट वाढायचं किंवा आम्हाला विरजणाला पाठवायचं. सगळं न बोलता ठरलेलं. एका घरात राहून तुम्ही दोघं एका दगडाच्या आडून बोलत होता, आणि जे तोंडाने बोलायला हवं होतं ते मरेपर्यंत बोलला नाहीत. तुम्हाला नसतं का सांगता आलं तिला? "आज घेतली आहे, मुलांना बाहेर पाठव" असं नव्हे. "मला थांबता येत नाही" एवढंच. कदाचित ती काही करू शकली नसती. पण तिने तुमच्या तोंडाकडे तरी पाहिलं असतं.

आणि आम्ही? पुढे आम्हालाही सगळं समजू लागलं. मीही बोटच पाहायला शिकलो. बोट मोकळं दिसलं की चपला घालायच्या. रोशन तर माझ्याआधी शिकला. तुमच्याशी त्याबद्दल या घरात कोणी एक शब्द बोललं नाही.

शेठना आज सांगून टाकलं की सोमवारी येत नाही. त्यांनी विचारलं, "काहून?" मी म्हणालो, भावाला दवाखान्यात दाखवायचं आहे. "काय झालं त्याले?" मी म्हणालो, पितो. पहिल्यांदा हा शब्द घराबाहेर बोललो. शेठ तराजू पुसू लागले. रोशन दवाखान्यात येईल की नाही, मला माहीत नाही. तो हसून टाळेल. मी मागे लागलो तर घर सोडून मित्रांकडे जाईल, अशीही भीती आहे. आई मला दोष देईल. रात्रभर हेच उलटसुलट चालतं. तुम्हाला माझा स्वभाव माहीत आहे. गॅसचं बटन परत परत पाहणारा माणूस मी.

पण अंगठीचं ठरलं, बाबा. ती मी सांधणार नाही. आईने विचारलं तर सांगेन की नाही सांधली, आणि का, तेही सांगेन. तुमच्यानंतर तिने आणखी कोणाच्या बोटाकडे पाहत दारात उभं राहायचं नाही.

शनिवारी संध्याकाळी मी लवकर निघेन. रोशन यायच्या आधी घरी पोचेन आणि दार मी उघडेन. त्याचे हात पाहणार नाही, वास घेणार नाही. आईसमोर त्याच्या तोंडाकडे पाहून विचारेन, "रोशन, पिऊन आला का?" तो खोटं बोलला तर रविवारी विचारेन. रविवारी चिडून धावून आला तर मागे सरकेन आणि सोमवारी परत विचारेन. रोज विचारेन. त्याला वीट येईल, मला येणार नाही. हे वचन तुम्हाला देतो, कारण हा प्रश्न तुम्हाला विचारणारं माणूस या घरात एकही नव्हतं, आणि तुम्ही चादरीखाली हात घेऊन त्याचं उत्तर देत गेलात.

तुमचा,
प्रफुल्ल